नवीन नोझल आणि रिमॅपनंतर ट्रक सुरूच होत नाही (कळंबोली)

लोखंडबाजार :
नमस्कार मंडळी. गाडी कळंबोलीत गॅरेजला उभी आहे आणि गॅरेजवाला हाय प्रेशर पंप बदलायला सांगतोय. होकार देण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हणून हा धागा काढलाय.

गाडी २०१९ ची, बीएस-४, दहा चाकी, सहा सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल). मॉडेल हवं असेल त्यांना व्यक्तिगत निरोपात कळवतो. आमचं काम लोखंड बाजारातून आणि तळोज्यातून चाकणला कॉइल नेण्याचं. २०१८ मध्ये तीन धुरांच्या (अ‍ॅक्सलच्या) गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेलं, तेव्हापासून माल त्याच हिशोबाने भरला जातो. खोपोली सोडली की गाडीला दम लागतो. आमचे ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत. गेल्या पावसाळ्यापासून ते म्हणतायत की हिचं पिकअप गेलंय. म्हणून तीन कामं एकदम करून घेतली : ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप, म्हणजे त्यातली फाईल बदलून ताकद वाढवणं, जास्त फ्लोचे सहाही नोझल (इंजेक्टर), आणि वॉटर सेपरेटरवाला मोठा डिझेल फिल्टर.

काम संपल्यापासून गाडी एकदाही सुरू झालेली नाही. सेल्फ जोरात फिरतो. सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही, ना पांढरा ना काळा. चावी ऑन केली की चेक लॅम्प लागतो. टाकी अर्धी भरलेली. गॅरेजवाल्याचं म्हणणं, पंप जुना आहे, मोठ्या नोझलला पुरत नाही. पण गाडी स्वतःच्या पायांनी गॅरेजमध्ये आली होती. चालत आलेल्या गाडीचा पंप उभ्या जागी जातो का?

रबाळे२२ :
हवा धरली असणार. फिल्टर बदललाय ना? हँड प्राइमर (हाताने डिझेल भरायचा पंप) कडक होईपर्यंत मारा, मग सेल्फ द्या.

लोखंडबाजार :
मारून झालाय. कडक होतो. फरक नाही.

उरणफाटा :
रिमॅपची फाईलच खराब असेल. ओरिजिनल फाईल परत टाकायला लावा. आमच्या ओळखीच्या एका ट्रेलरला असंच झालं होतं, फाईल लिहिताना बॅटरी उतरली आणि ईसीएम गेलं.

पंपनोझल_शिरवणे :
थांबा, अंदाजावर एकही पार्ट बदलू नका. फाईलही नाही आणि पंप तर नाहीच. तीन कामं एकदम झाली आहेत, त्यामुळे ज्याला जे दिसतंय तो तेच सांगणार. मी तुर्भ्याच्या बाजूला बरीच वर्षं डिझेल पंपाचं काम करतो आणि आजही पहिल्यांदा स्कॅनर लावतो, पाना नंतर उचलतो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे धूर नाही. इंजिन फिरतंय आणि पांढरा धूरही येत नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पडतच नाहीये. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट हे विषय तूर्त बाजूला ठेवा.

आता डिझेल का पडत नाही? जुन्या इनलाइन पंपात पंप फिरला की नोझल उडायचा, मध्ये विचारणारं कोणी नव्हतं. कॉमन रेलमध्ये ईसीएम परवानगी देतो. त्याला सेल्फवर आरपीएम दिसला पाहिजे, क्रँक आणि कॅम सेन्सरचा मेळ बसला पाहिजे, आणि रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाला पाहिजे. बहुतेक गाड्यांत तो आकडा २०० बारच्या वर असतो, काही गाड्यांत त्याहून बराच जास्त. तेवढा दाब झाला नाही तर ईसीएम इंजेक्टरला करंटच देत नाही. तुम्ही दिवसभर सेल्फ मारा, धूर येणार नाही.

मला एवढं आणून द्या : सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट, स्कॅनरवर दिसणारा आरपीएम, रेल प्रेशर मागितलेलं किती आणि प्रत्यक्ष किती, आणि बिघाडाचे कोड कोणते आहेत. चावी ऑन करून इंजिन बंद असताना रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसतं का तेही बघा. तिथेच शंभर-दीडशे दिसत असेल तर सेन्सरवर विश्वास ठेवता येणार नाही.

आणि कृपा करून दोन गोष्टी कोणालाही करू देऊ नका. एक, रेलचा किंवा इंजेक्टरचा हाय प्रेशर पाईप ढिला करून सेल्फ मारणं. इनलाइन पंपाच्या काळात सगळे तसंच हवा काढायचे, पण इथे चालत्या इंजिनात दाब हजार-दीड हजार बारच्या घरात जातो. ती धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत जाते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि आतला स्नायू सडतो. असं कोणाला झालं तर मलमपट्टी करत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेसाठी न्या. दुसरी गोष्ट, एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्प्रे मारणं. इनटेकमध्ये हीटर असेल तर तिथेच भडका उडतो.

तुर्भे_वायरिंग :
शिरवणेकर दादांच्या म्हणण्यात विजेची बाजू जोडतो. २४ व्होल्टची गाडी सेल्फवर १८ च्या खाली जात असेल तर सेल्फ फिरेल पण ईसीएम मध्येच झोपून पुन्हा उठेल. कधी बॅटऱ्या ठणठणीत असतात आणि इंजिन-चॅसिसची अर्थची पट्टी काम करताना ढिली राहिलेली असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टही दिसायला नको.

फाईलबद्दल : फाईल अर्धवट लिहिली गेली असेल तर बहुतेक वेळा स्कॅनर ईसीएमशी बोलतच नाही. चावी ऑन केल्यावर चेक लॅम्पही नीट वागत नाही. स्कॅनर जोडून कोड आणि लाईव्ह डेटा नीट दिसत असेल तर ईसीएम जिवंत आहे. दोन मिनिटांची परीक्षा आहे, त्यासाठी ईसीएम काढून कुठे नेऊ नका.

सेल्फ एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं तरी गॅप द्या. नाहीतर गाडी सुरू होण्याआधी सेल्फची कॉइल जळेल.

लोखंडबाजार :
आज ओळखीतल्या एकाला स्कॅनर घेऊन बोलावलं. आकडे असे :

चावी ऑन, रेल ० ते २ बार. सेल्फवर व्होल्ट २०.४, अर्थवर जवळजवळ काही नाही. आरपीएम १८० ते १९०, स्थिर. क्रँक-कॅमचा मेळ बसलेला दाखवतो. मागितलेलं रेल प्रेशर ३५० आणि प्रत्यक्ष ८५ ते ९५, त्याच्या वर जात नाही. कोड एकच, रेल प्रेशर कमी असल्याचा. स्कॅनर ईसीएमशी व्यवस्थित बोलतो.

गॅरेजवाल्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, बघा, पंप प्रेशर बनवत नाही, मी तेच सांगत होतो.

पंपनोझल_शिरवणे :
उत्तम आकडे आणलेत. अर्धी यादी इथेच कापली गेली. बॅटरी, अर्थ, क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर सगळं सुटलं. फाईलसुद्धा तूर्त सुटली. फाईल ३५० मागतेय आणि प्रत्यक्षात ९० मिळतायत, ही पाईपातली गोष्ट आहे, सॉफ्टवेअरमधली नाही.

पण दाब होत नाही म्हणजे पंप गेला, हे मला मान्य नाही. दाब कमी असण्याची कारणं तीन : पंपाला डिझेल पुरत नाही, पंप दाबत नाही, किंवा पंपाने दाबलेलं डिझेल कुठूनतरी पळतंय. गॅरेजवाल्याने मधलं कारण धरलंय. तेच सगळ्यात महाग आहे आणि चालत आलेल्या गाडीत सगळ्यात कमी शक्यतेचं आहे. ज्या ठिकाणी हात लागलाय तिथून सुरुवात करा. फिल्टर आणि इंजेक्टर.

आधी फिल्टर. फिल्टरच्या नव्या हेडवर इन आणि आउटचे बाण बघा. दोन्ही बॅनजो बोल्टचे (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर बघा, मापाचेच आहेत का. मग फिल्टर ते पंप या तुकड्यात पारदर्शक पाईप लावा आणि सेल्फ मारताना बुडबुडे दिसतात का ते पाहा. प्राइमर कडक होतो एवढ्यावर समाधान मानू नका. प्राइमरने आपण आतून दाबतो आणि सेल्फवर पंप बाहेरून ओढतो. ओढताना जिथे वॉशर बसलेला नाही तिथून हवा आत येते, आणि दाबताना त्याच जागी डिझेलचा थेंबही दिसत नाही.

रबाळे२२ :
हे माहीत नव्हतं. आम्ही आजवर प्राइमर कडक झाला की हवा नाही असंच धरून चालायचो.

लोखंडबाजार :
काका, बुडबुडे होते! चांगले टपोरे, एकामागून एक. सेपरेटरच्या बॅनजोला एका बाजूला जुनाच चपटा झालेला वॉशर लावला होता. दोन्ही बाजूंचे नवीन टाकले. आता पाईपात डिझेल काचेसारखं स्वच्छ दिसतंय.

प्रेशर ९० वरून १३० ला आलं. गाडी मात्र सुरू नाही झाली.

उरणफाटा :
आता मात्र पंपच. डिझेल पुरतंय, हवा नाही, तरी १३०.

कासारवडवली :
पंपावरच्या मीटरिंग युनिटचा (पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) प्लग काढून सेल्फ मारून बघा. बऱ्याच ट्रकच्या पंपांत करंट नसला की ते पूर्ण उघडं राहतं, म्हणजे पंप पूर्ण ताकदीने डिझेल देतो. प्लग काढून दाब वाढला तर युनिट किंवा त्याची वायर बघायची. घोडबंदरला गायमुखच्या चढावर आमची एक गाडी या युनिटमुळे सारखी बंद पडायची. साफ केल्यावर नीट झाली.

पंपनोझल_शिरवणे :
कासारवडवलीकरांची सूचना बरोबर आहे, करून बघा, फुकट आहे. फक्त आधी त्या पंपाचं युनिट उघडं राहणाऱ्या प्रकारचं आहे याची खात्री करा.

माझा संशय मात्र आता पुरता इंजिनच्या सिलिंडर हेडवर आहे. मॉडेल तुम्ही मला कळवलंय, म्हणून खात्रीने लिहितो. या इंजिनात इंजेक्टर वरून उभा बसतो आणि त्याला डिझेल बाजूने मिळतं. रेलचा पाईप थेट इंजेक्टरला लागत नाही. मध्ये हेडच्या आत एक आडवी कनेक्टर नळी आहे. तिचं गोल टोक इंजेक्टरच्या पोटातल्या खाचेत दाबून बसतं. तिथे ना गॅस्केट ना वॉशर, धातूवर धातू. ते टोक केसभर तिरपं बसलं तर दाबाचं डिझेल तिथून निसटतं आणि हेडमधल्या रिटर्नच्या वाटेने टाकीत परत जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, ऑइलमध्येही उतरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पंप दाब बनवत नाही.

बसवण्याचा क्रम यासाठी महत्त्वाचा आहे. इंजेक्टर आधी पूर्ण आवळून मग कनेक्टर ठोकला तर इंजेक्टरला स्वतःची जागा धरायला वावच राहत नाही. आधी इंजेक्टर हलका बसवायचा, मग कनेक्टर थोडा आवळून त्याला इंजेक्टरची खाच सापडू द्यायची, त्यानंतर इंजेक्टरचा क्लॅम्प पूर्ण आवळायचा आणि शेवटी कनेक्टरचा नट. प्रत्येक पायरीला टॉर्क पाना आणि कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा. एअर गनने तर मुळीच नाही. सहाही इंजेक्टर बदलले म्हणजे सहा ठिकाणी हे व्हायला वाव आहे.

तपासायचं असं. हेडची रिटर्न लाईन सोडून बाटलीत घ्या आणि सेल्फ मारा. सेल्फवर तिथून थोडंसंच डिझेल यायला हवं. भसाभसा आलं तर पळवाट हेडमध्येच आहे. मग रेलवर एकेका सिलिंडरचा पाईप काढून तिथे हाय प्रेशरची बंद टोपी लावायची आणि प्रत्येक वेळी सेल्फवर प्रेशर वाचायचं. टोपी त्याच कामासाठी मिळते ती घ्या, टर्नरकडून नट वेल्ड करून आणू नका. ज्या सिलिंडरला टोपी लावल्यावर प्रेशर उसळेल, चोर तिथे. दर वेळी पाईप सोडण्याआधी इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं जाऊ द्या.

लोखंडबाजार :
रिटर्नची बाटली बघता बघता भरली. टोपीची सोय उद्या होतेय. मीटरिंग युनिटचा प्लग काढला तेव्हा प्रेशर १४० च्या पुढे गेलं नाही.

घाटमाथा :
हा धागा जपून ठेवतोय. आमच्याकडे मागे असाच पंप बदलला गेला होता, आणि नवा पंप लावूनही गाडी सकाळी त्रास द्यायचीच. कनेक्टरचं नाव कोणी काढलं नव्हतं.

लोखंडबाजार :
मंडळी, गाडी सुरू झाली!

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरला टोपी लावून विशेष फरक नव्हता, दुसऱ्याला थोडं वाढलं होतं. चौथ्याला लावली आणि प्रेशर सरळ ३०० च्या वर गेलं. इंजिन पाच सिलिंडरवर पकडलंच. आवाज विचित्र होता पण तो ऐकून आमच्या ड्रायव्हर काकांनी हात जोडले.

चौथ्याचा कनेक्टर काढला. टोकावर एका बाजूलाच चकचकीत चंद्रकोरीसारखा ओरखडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे टेकलाच होता एका कडेवर. तो नवीन घेतला. नशिबाने इंजेक्टरच्या खाचेला इजा नव्हती, तरी पंप रूममध्ये नेऊन तपासून घेतली. शिरवणेकर काकांनी फोनवर सांगितलं तसं सहाही ढिले करून क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा बसवले. तांब्याचे वॉशर सगळे नवे. इंजेक्टरवरचे कोड ईसीएममध्ये टाकलेच नव्हते, तेही टाकून घेतले.

आता सेल्फवर प्रेशर चटकन ३५० गाठतं आणि गाडी लगेच पकडते. रिटर्नला मोजके थेंब. पंपाला हातही लावला नाही.

तुर्भे_वायरिंग :
अभिनंदन! कोड टाकलेत हे फार बरं केलंत. त्याशिवायही गाडी बहुधा सुरू झाली असती, पण आयडलला थरथरली असती आणि धूर काढला असता.

पंपनोझल_शिरवणे :
मनापासून आनंद झाला. पाच-सातशे किलोमीटरनंतर डिझेल फिल्टर बदला. हेड इतकं उघडं पडलं की कुठे ना कुठे कचरा जातो, आणि या इंजेक्टरला कचरा अजिबात खपत नाही.

आता न विचारलेली गोष्ट बोलतो, कारण मला तिची काळजी आहे. २८.५ टन घेऊन बोरघाट चढणाऱ्या गाडीत मोठे नोझल आणि रिमॅप नको. डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली तर एक्झॉस्टचं तापमान वाढतं. मोकळ्या रस्त्यावर ते दोन-चार मिनिटांत उतरतं. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सलग ओढताना ते चढलेलंच राहतं. आधी टर्बो, मग पिस्टनचं डोकं. क्लच आणि गिअरबॉक्सही जुन्याच टॉर्कच्या हिशोबाचे आहेत. घाटात लोड गाडी थांबली तर मागच्या शंभर गाड्या थांबतात, आणि उतारावर मागे सरकली तर त्याहून वाईट.

तुमचे ड्रायव्हर म्हणतात, पिकअप गेल्या पावसाळ्यापासून गेलं. म्हणजे त्याआधी होतं. मग ते का गेलं हे कोणी तपासलंय का? बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) किती बनतो, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा) होज, एअर फिल्टर, टाकीतली जाळी, चिकटणारे ब्रेक?

घाटमाथा :
याला माझा दुजोरा. मात्र रिमॅप केलेल्या गाड्या घाटात खरोखर ओढतात, हेही मी पाहिलंय. फरक पडत नाही असं नाही. प्रश्न किती दिवस ओढतात याचा आहे.

कासारवडवली :
कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यानुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीला धूर जास्त आला तर तिथेही अडकाल. आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण जाईल.

लोखंडबाजार :
काल रात्री भाऊ, ड्रायव्हर काका आणि मी बसून ठरवलं. जुने सहा नोझल गॅरेजमधून परत घेतलेत, ते बेंचवर तपासून साफ करून तेच लावणार, आणि ओरिजिनल फाईल परत टाकणार. मोठा फिल्टर ठेवतोय.

शिरवणेकर काकांच्या सांगण्यावरून इंटरकूलरची लाईन बंद करून कमी दाबाची हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. टर्बोकडून येणाऱ्या होजला क्लिपच्या खाली चीर होती. हाताने दाबल्याशिवाय दिसत नव्हती, ऑइलने रबर फुगून मऊ पडलंय. होज आणि दोन्ही क्लिप मागवल्यात. एअर फिल्टरही बदलला.

पंपनोझल_शिरवणे :
ऑइल होजमध्ये आलं कुठून तेही बघा. थोडा ओलसरपणा चालतो. ओघळ असेल तर टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहा, बाजूला खेळतो का. जुने नोझल बसवताना कनेक्टरचा क्रम तोच. आणि एकदा निघालेला कनेक्टर पुन्हा लावण्याआधी टोकावर भिंगाने नजर टाका. पूर्ण गोल कडी दिसली तर ठीक, तुटक दिसली तर नवीन.

रबाळे२२ :
काका, आमची गाडी बीएस-६ आहे, तिलाही पिकअप कमी वाटतं. तिथेही हीच तपासणी का?

पंपनोझल_शिरवणे :
होज, फिल्टर, बूस्ट हे तसंच. पण बीएस-६ मध्ये आधी डॅशबोर्डवरचे दिवे वाचा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरला असेल किंवा अ‍ॅडब्लूचा (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) दर्जा खराब असेल तर ईसीएम स्वतःच ताकद कमी करतो. अ‍ॅडब्लू सुट्या कॅनमधून घेता का? तो मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के यायला हवं. ते बघा आणि आकडे घेऊन नवा धागा काढा, मी येतो तिथे.

लोखंडबाजार :
होज बसली, जुने नोझल आणि जुनी फाईल लावून गाडी चाकणला लोड जाऊन आली. ड्रायव्हर काकांचा निरोप जसाच्या तसा देतो : "खोपोलीच्या वर एक गिअर जास्त घेतला, धूर नाही, टेम्परेचरचा काटा मधोमध." टर्बोचा शाफ्ट बाजूला थोडा खेळतो, तो पुढच्या आठवड्यात खोलतोय.